आईविरुद्ध मृदुला

चँडलरच्या कम्युनिटी सेंटरमध्ये थांग-ताची स्पर्धा होती. ही मूळची मणिपूरची तलवार-भाल्याची विद्या. आता खेळ झाल्यामुळे कातडं गुंडाळलेली काठी आणि ढाल यांवर भागतं. चाळिशीपुढच्या बायकांच्या गटात दोनच नावं आली: माझी बायको मृदुला आणि व्हिजिटर व्हिसावर आमच्याकडे परदेशात येऊन, कंटाळून क्लास लावलेली माझी आई. घरात शांतता टिकवायची तर टाळ्या कोणासाठी वाजवाव्यात, हे मला सुचत नव्हतं. लढतीआधी प्रतिस्पर्ध्याला वाकून नमस्कार करतात. मृदुला सवयीने थेट पाया पडली. आईने डोक्यावर हात ठेवून "सुखी राहा" म्हटलं आणि शिट्टी वाजताच तिच्या खांद्यावर काठी हाणली. मृदुला मात्र हवेतच काठी फिरवत राहिली. "अगं, मार की!" आई ओरडली. "आई, लागेल तुम्हाला." "माझ्या साबुदाणा खिचडीला हेवी म्हणालीस, तेव्हा नाही लागलं?" त्यावर मृदुलाने असा फटका दिला की आईनेच "शाब्बास!" म्हटलं. सामना बरोबरीत सुटला. पंच असलेल्या, क्लासच्या इबोम्चा सरांनी दोघींचे हात उंचावले. मी दोघींकडे आळीपाळीने बघत टाळ्या वाजवल्या. दोघी घामाघूम, हसत माझ्यापाशी आल्या. "तू कोणाकडून होतास रे?" आईने विचारलं. "दोघींकडून," मी म्हणालो. त्यांनी एकमेकींकडे पाहिलं. आमच्या लग्नापासून प्रथमच त्यांचं एकमत झालं. मृदुलाने आपली ढाल माझ्या हातात कोंबली आणि आई सरांना म्हणाली, "अजून एक सामना लावा. आम्ही दोघी, हा एकटा."