दामिनीची मजल

कळमेश्वरच्या नाक्यावर बॅटरीचा काटा अर्ध्यावर आला, आणि शामलाने गाडी वळवली नाही.

इथून वळली असती तर उन्हं चढायच्या आत ती नागपुरात, धरमपेठेतल्या घरी पोचली असती. काटा अर्ध्यावर आला की मागं फिरायचं, हे वामनरावांनी तिला पहिल्याच दिवशी शिकवलं होतं. हात सवयीनं वळायला निघालेही होते. तिनं ते आवरले आणि काटोलचा रस्ता धरला.

'दामिनी' ही तिच्या नवऱ्याची, वामनरावांची मोटार. विजेवर चालणारी. पेट्रोल महागलं त्या साली वामनरावांनी सरकी-ढेपेचं दुकान भावाच्या हवाली केलं आणि जरीपटक्याच्या मागं शेड टाकली. पाच वर्षांत अख्ख्या विदर्भात हीच गाडी धावेल, असं ते सांगत. अजून तरी एकच तयार झाली होती. जाहिरातीत ती एका चार्जिंगमध्ये शंभर किलोमीटर जायची. रस्त्यावर चाळीसच्या पुढं कधी गेली नव्हती.

चालवायची शामला. "बाईमाणूस चालवते म्हटल्यावर कोणीबी चालवू शकते," असं वामनराव पाहुण्यांना सांगत. रोज संध्याकाळी शंकरनगर, सीताबर्डी अशी तिची फेरी व्हायची. गॉगल लावलेला तिचा फोटो पेपरात आला होता. कॉलेजच्या मुली सायकली थांबवून तिच्याकडे बघत. इतकी मोकळी बाई त्यांनी नागपुरात पाहिली नव्हती.

त्या मोकळ्या बाईनं मागच्या उन्हाळ्यापासून वडिलांचं तोंड पाहिलं नव्हतं. नरखेडला वडिलांच्या, चंपतरावांच्या अंगावरून वारं गेलं, तेव्हा दिल्लीचे साहेब गाडी बघायला यायचे होते. मग मुंबईचं प्रदर्शन निघालं. मग बॅटऱ्याच बदलायला घेतल्या. "तू नसली तर गाडी कशी दाखवू मी?" वामनराव म्हणत. आवाज चढवत नसत, म्हणून भांडताही यायचं नाही. पायी निघावं तर फाटकापाशीच सासूबाई हटकत, "कुठं वं, शामला?" गाडीत बसली की मात्र कोणी विचारत नसे. गाडीतून ती जाऊन जाऊन जाणार कुठं?

काल नरखेडहून तिच्या भावाचा फोन आला. बाबांची वाचा गेली होती.

"शुक्रवारी पुण्याचे कारखानदार येऊन राहिले," वामनराव म्हणाले होते. "ते गेले की जाऊ."

सकाळी तिनं गाडी बाहेर काढली. कुठं जायचं ते ठरलेलं नव्हतं. नाक्यावर ठरलं.

दोन्ही बाजूंना संत्र्याच्या बागा लागल्या. गाडीला आवाज नव्हता. बैलही बुजत नव्हते. बंडीवाले ती पुढं निघून गेल्यावर मान वर करून बघत. उतार आला की ती पायडलवरचा पाय काढून घेई, चढाला पदर दातात धरी. काटा तळाला टेकला तरी दामिनी चालत राहिली. मग तिची चाल बैलगाडीची झाली, मग माणसाची. काटोलच्या अलीकडं एका फाट्यावर ती थांबली ती थांबलीच.

फाट्यावर एक म्हातारी टोपलं घेऊन बसली होती.

"बिघडली का वं माय?"

"बिघडली नाही. संपली."

"मंग बस इथं. काटोलची येष्टी येऊन राहिली आता."

शामला चावी मुठीत धरून तिच्याशेजारी बसली. काटोलहून नरखेडची गाडी मिळाली तर दुपारपर्यंत बाबांपाशी. ती रस्त्याकडं बघत राहिली. पण धुरळा उडवत आधी आली ती वामनरावांची जीप. दामिनी कुठून कुठं गेली हे वाटेत कोणीही सांगितलं असतं. तशी गाडी दुसरी नव्हतीच.

आता हाताला धरून जीपमध्ये बसवतील. ओरडणार नाहीत. समजावतील. त्यांचं समजावणं तिला तोंडपाठ होतं, आणि त्यापुढं आपलं काही चालत नाही हेही.

वामनराव उतरले. पाठोपाठ शेडमधला मिस्त्री गोविंदा.

"अहो, बाबांची..." शामला उभी राहिली.

ते तिच्यासमोरून तरातरा गेले आणि गाडीत वाकले. बराच वेळ वाकलेलेच राहिले. बाहेर आले तेव्हा त्यांचे डोळे भरले होते.

"त्रेपन्न," ते म्हणाले. "गोविंदा, त्रेपन्न किलोमीटर गेली न गा. पुणेवाले आता नाही म्हणून दाखवोत."

त्यांनी बॉनेट उघडलं आणि तापलेल्या बाळाच्या कपाळावर ठेवावा तसा बॅटरीवर हात ठेवला.

तेवढ्यात येष्टी आली. म्हातारीनं हात दाखवला. टोपलं वर चढलं, म्हातारी चढली. शामलाने पायरीवर पाऊल ठेवलं आणि दांडा धरून ती तशीच थबकली. आता हाक येईल. इतकी वर्षं ती त्या एका हाकेच्या धाकानं फाटकातून मागं फिरत आली होती.

"साहेब," गोविंदा चाचरत म्हणाला, "बाईसाहेब येष्टीत चढून राहिल्या."

वामनरावांनी बॉनेटमधून मान वर काढली नाही.

"जाऊ दे," ते म्हणाले. "चावी तेवढी मागून घे."