तिसरी हालचाल

त्रिकोण पुन्हा पेटला. लाल, आत उद्गारचिन्ह. आप्पांनी बटण दाबलं, सोडलं, परत दाबलं. गाडी हूं की चूं करेना.

"राहू द्या आप्पा," खिडकीशी उभी असलेली लेक म्हणाली. "ठरलं होतं ना आपलं?"

ठरलं होतं खरं. ही गाडी निम्मी पेट्रोलवर, निम्मी बॅटरीवर चालायची. मागच्या सीटमागच्या मोठ्या बॅटरीतला एक डबा फुगला होता. गॅरेजवाला म्हणाला, अख्खी बॅटरी बदला. आप्पा म्हणाले, मी घरीच एक डबा बदलतो. मग लेकीने अट घातली. तुमच्या दुरुस्तीनंतर गाडी सुरू झाली तर किल्ली तुमची. नाही झाली तर माझी, कायमची. आप्पांनी गॅसवर विसरलेलं दुधाचं पातेलं दोनदा जळून काळं झालं होतं, आणि तिचा जीव टांगणीला लागला होता.

आप्पांनी अट मान्य केली. उभी हयात त्यांनी लिफ्ट दुरुस्त केल्या होत्या. शिवाय दर रविवारी त्यांना गावाबाहेरच्या वृद्धाश्रमात मोठ्या भावाकडे जायचं असे, आणि तिथे बस जात नव्हती. भाऊ त्यांना ओळखत नसे. तरी ते जात. आपणही एक दिवस असेच कोरे होऊ, ही धास्ती मात्र त्यांनी कुणाला बोलून दाखवली नव्हती.

"तपासू तरी दे. कारण कळलं पाहिजे."

"कारण घेऊन काय करायचंय? बंद आहे ती."

"लिफ्ट बंद पडली की आत माणूस अडकलेला असतो, बाई. असं म्हणून चालत नाही."

"इथे आत तुम्हीच अडकलाय."

दोघंही हसले. थोडंसंच. दोघंही दमलेले होते.

छोटी बॅटरी. ठीक.

फ्यूज. एकेक काढून उजेडात धरला. सगळे शाबूत.

बॅटरीच्या पंख्याची जाळी. काल धुतलेली, अजून तशीच लख्ख.

आप्पांचे गुडघे बोलायला लागले. "आता मोठी बॅटरी उघडायची," ते म्हणाले. म्हणजे कालचं सगळं पहिल्यापासून.

काल त्यांनी डबा बदलला, तांब्याच्या पट्ट्या घासल्या, एकेक नट आवळला आणि प्रत्येक नटावरून खालच्या पट्टीवर नेलपॉलिशची लाल रेघ ओढली. लिफ्टच्या कामातली सवय. घट्ट केल्याशिवाय रेघ नाही. पुढे कधी रेघ तुटलेली दिसली, की समजायचं, जागा हलली.

"आईचं नेलपॉलिश अजून संपलं नाही?" टॉर्च धरलेल्या लेकीने विचारलं होतं.

"तिने लावलं असतं तर संपलं असतं."

तिला त्यांनी मोठ्या बॅटरीची वीज तोडणारा नारिंगी प्लगही दाखवला होता. बॅटरीला हात लावण्याआधी तो उपसायचा, नाहीतर जिवावर बेतेल. बसवताना तीन हालचाली. आत ढकल, हँडल वर उचल, मग खाली ओढून अडकव. तिसरी राहिली तर गाडी मेलेली. लेकीने शाळेतल्यासारखं म्हणून दाखवलं होतं.

शेवटी प्लग बसवला तेव्हा मात्र ती फोनवर बोलायला बाहेर गेली होती. परत आली तेव्हा आप्पा कंबर धरून उभे होते. "जा, हात धुवा आणि पडा," ती म्हणाली होती. "शटर मी ओढते. गाडी सकाळी सुरू करून बघू."

"प्लग मी काढते," आत्ता ती म्हणाली. "तुम्ही वाकू नका."

रबरी हातमोजे चढवून ती डिकीत अर्धी शिरली. हात प्लगपर्यंत नेऊन तिथेच थांबली.

"काय गं?"

"आप्पा, हँडल वरच आहे."

"शक्य नाही."

"तिसरी हालचाल राहिलीय."

खट्ट असा आवाज झाला. "दाबा आता बटण."

त्रिकोण विझला. हिरवी अक्षरं उमटली. गाडी सुरू झाली.

आप्पा स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिले. काल. आत ढकललं, वर उचललं. त्यापुढे त्यांना फक्त कंबर आठवत होती.

"बॅटरीचं काम तुम्ही चोख केलंय," लेक हळूच म्हणाली. "एवढंच राहिलं. होतं असं."

"तुझ्या काकाचंही सुरुवातीला असंच व्हायचं," आप्पा म्हणाले. "एवढंच राहायचं."

त्यांनी गाडी बंद केली आणि किल्ली तिच्या तळहातावर ठेवली. तिने लगेच मूठ मिटली नाही.

"काकांकडे मी नेईन तुम्हाला."

"दर रविवारी?"

"जमेल तसं."

तिचे डोळे भरून आले होते. ती वळली आणि मागे न बघता गेली. बिचारीला किती सोसावं लागतंय माझ्यापायी, आप्पांच्या मनात आलं.

हत्यारं गोळा करायला ते मागे आले. नेलपॉलिशची बाटली डिकीत आतवर घरंगळली होती. ती काढायला ते कसेबसे गुडघ्यांवर बसले आणि टॉर्च आत धरली.

नारिंगी हँडलवरून खालच्या चौकटीवर एक लाल रेघ उतरली होती. त्यांच्याच हातची, कालची, वाळून कडक झालेली. फक्त हँडल चौकटीला टेकतं तिथे, ती बरोबर मधोमध तुटली होती.