खिडकीचा कट्टा

तिसरी बादली तिने स्वतः ओतली. पहिल्या दोन खिडकीवाल्याने ओतल्या होत्या, पण त्याच्या हातावर आता तिचा काडीचा विश्वास उरला नव्हता. गच्चीच्या कठड्यावरून वाकून तिने नव्या खिडकीवर पाणी सोडलं, तशीच धावत जिना उतरली आणि खोलीत येऊन चौकटीच्या चारही कडांवरून बोट फिरवलं. बोट कोरडं निघालं. तीन आठवड्यांत त्या घरात पहिल्यांदाच काहीतरी कोरडं निघालं होतं.

"आता तरी समाधान झालं का, ताई?" खिडकीवाल्याने विचारलं. तिने आणखी एकदा कडांवरून बोट फिरवलं, पण खोट काढायला जागा सापडत नव्हती.

या तीन आठवड्यांत तिच्या नाकी नऊ आले होते. नवऱ्याला लाकडाचीच खिडकी हवी होती. जुनी लाकडी खिडकी समुद्राच्या दमट हवेने इतकी फुगली होती की ती उघडायला घरातली दोन माणसं लागायची आणि बंद करायला शेजारीही, पण ते तो सोयीने विसरला. खिडकीवाल्याला त्याच्याकडे पडून असलेली लोखंडी चौकट गळ्यात मारायची होती. तिने दोघांनाही दाद दिली नाही आणि न फुगणाऱ्या, न गंजणाऱ्या पांढऱ्या प्लास्टिकची चौकट घेतली. मग खिडकीवाल्याने त्या चौकटीला साधे लोखंडी स्क्रू ठोकले आणि आठवड्यात प्रत्येक स्क्रूखाली तांबडा ओघळ आला. तिने एकूण एक स्क्रू काढायला लावला. काचेच्या कडेचं सीलंट हवेतल्या ओलीने तीन दिवस वाळेना. 'उद्या वाळेल' हे तीनदा ऐकल्यावर तिने तेही खरवडून पुन्हा भरून घेतलं. नवरा रोज तिच्या आणि खिडकीवाल्याच्या, दोघांच्याही बोलण्याला मान डोलवायचा आणि डबा घेऊन ऑफिसला पळायचा.

एवढा आटापिटा सासूबाईंसाठी होता. समोरच्या धक्क्याला दिवसातून चार लाँच लागायच्या आणि कोण उतरलं, कोण निघालं हे त्या चाळीस वर्षं खिडकीत उभ्या राहून बघत आल्या होत्या. गेल्या हिवाळ्यात त्या पडल्या, खुबा मोडला आणि उभं राहणं संपलं. तेव्हापासून भोंगा वाजला की चाकांच्या खुर्चीतून हाक यायची, "लाँच आली का गं? कोण उतरलं?" आणि सून हातातलं काम टाकून खिडकीतून वाचून दाखवल्यासारखं सांगायची. एकदा तिचा तोल गेला. मी काय धक्क्यावर नोकरीला आहे का, असं ती बोलून गेली. त्यानंतर दोन दिवस भोंगे वाजले, पण हाक आली नाही. ते दोन दिवस तिला फार लागले होते. म्हणूनच ही भिंतीबाहेर काढलेली, तीन बाजूंनी काचा असलेली बे विंडो. आता तुमचं तुम्हाला सगळं दिसेल, मला विचारावं लागणार नाही, असं तिने सासूबाईंना कबूल केलं होतं.

तिने खुर्ची ढकलत खिडकीशी आणली. पाय ठेवायची पट्टी भिंतीला टेकली आणि खुर्ची थांबली. सासूबाई बराच वेळ बघत राहिल्या.

"छान झाली. उजेड किती आला," त्या म्हणाल्या.

"धक्का दिसतो ना, आई?"

"आभाळ अगदी स्वच्छ दिसतंय."

ती खाली बसली आणि सासूबाईंच्या गालाजवळ गाल नेऊन पाहू लागली. पुढे दोन फूट रुंद पांढरा कट्टा होता आणि त्याच्यावर नुसतं आभाळ. धक्का, पायऱ्या, रस्ता, माणसं, सगळं कट्ट्याच्या आड गेलं होतं.

तिच्या डोक्यात सणक गेली. ही उंची कुणाच्या डोक्यातून निघाली, असं तिने खिडकीवाल्याला दरडावून विचारलं. तो भांडला नाही. खिशातली ओलसर वही काढून त्याने पान तिच्यासमोर धरलं. 'कट्टा, ताईंच्या कमरेइतका,' असं त्यावर लिहिलं होतं.

"तुम्हीच उभ्या राहून हाताने दाखवलंत," तो म्हणाला.

दाखवलं होतं. कोपरं टेकायला बरं पडेल, असंही वर म्हणाली होती. सगळ्यांच्या चुका तिने डोळ्यात तेल घालून पकडल्या होत्या आणि मापाच्या वेळी ज्या बाईसाठी खिडकी करायची तिला शेजारच्या खोलीत बसवून ठेवलं होतं. कट्टा खाली घ्यायचा तर भिंत फोडावी लागेल आणि आता पावसाळा तोंडावर आलाय, तो संपेपर्यंत भिंतीला हात लावता येणार नाही, असं खिडकीवाल्याने हलक्या आवाजात सांगितलं. तिने सासूबाईंच्या खाली एक उशी सरकवली, मग दुसरी. त्या एका बाजूला कलल्या आणि घाबरून त्यांनी तिचा दंड घट्ट धरला. तिने दोन्ही उशा काढून घेतल्या.

तेवढ्यात भोंगा वाजला. सासूबाईंनी हात मांडीवर ठेवले आणि त्या आभाळाकडे बघत राहिल्या. त्यांनी काही विचारलं नाही.

ती उठून खिडकीशी गेली. कट्टा बरोबर कमरेला लागला, कोपरं नीट टेकली, आणि त्याचाच तिला सगळ्यात जास्त राग आला.

"आई, लाँच लागली," ती म्हणाली. "एक बाई उतरतेय. तोंडावर छत्री आहे, ओळखू येत नाही."

मागे खुर्ची किंचित करकरली.

"चालते कशी?" सासूबाईंनी विचारलं.