शेपटीची फाइल

काउको नूतिनेन सकाळपासून केबिनचं दार आतून लावून बसला होता. खाली गुडघाभर बर्फ, चहूकडे कुहमो गावाचं जंगल, आणि मधोमध त्याचं झाडं तोडायचं अवाढव्य यंत्र मुकाट उभं. पडद्यावर एकच ओळ: 'डेटाबेस लॉक झाला आहे.'

यंत्राचं सॉफ्टवेअर करणाऱ्या कंपनीतून राइली ह्युत्तिनेन तीन तास गाडी हाकत आली, तर त्याने नुसती काच सरकवली.

"पुसायला आली असशील तर आल्या पावली परत फिर."

"बघायला आलेय."

"तुमचे लोक फोनवर एकच पाढा वाचतायत. कलम चार: मोठ्या फाइलशेजारी शेपटीची फाइल, म्हणजे त्याच नावामागे शेपूट लावलेली, दिसली तर ती काढून टाका आणि यंत्र पुन्हा सुरू करा. गेल्या हिवाळ्यात ऐकलं मी. तीन दिवसांच्या तोडीची नोंद गायब, जसा काही मी घरी लोळत होतो. कुठल्या गाढवाने लिहिलंय ते?"

राइलीचे कान तापले. पण आता तोंड लपवून काय उपयोग?

"मी," ती म्हणाली. "अकरा वर्षांपूर्वी. मला तो कचरा वाटला होता."

काउकोने तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग दार उघडलं आणि पाय ठेवायला पायरी दाखवली.

त्याच्या मानेवर सुरी होती, ती अशी. जंगलातल्या झऱ्याभोवतालच्या वीस मीटरच्या वर्तुळातली झाडं तोडायची नसतात. त्या वर्तुळात नऊ ताजे बुंधे सापडले होते आणि जंगलाच्या मालकाने बोट दाखवलं होतं काउकोकडे. वनखात्याची निरीक्षक दोन वाजता येणार होती. आरोप टिकला तर तीस वर्षांचं काम सुटणार. काउकोचं म्हणणं एवढंच, की नऊ मी तोडली नाहीत. यंत्र प्रत्येक झाडाची जागा नि वेळ टिपतं, पण नवी टिपणं आधी शेपटीत जातात आणि सवडीने मोठ्या फाइलमध्ये उतरतात. या आठवड्याची अजून उतरलीच नव्हती. ती शेपटी पुसली की काउकोचा साक्षीदारच मेला.

राइलीचा फोन वाजला. साहेब, हार्री. तिने तो पडद्याखाली ठेवून आवाज मोठा केला. काउकोलाही ऐकू दे.

"राइली, कलम चार कर आणि मोकळी हो. यंत्र उभं आहे, सगळे माझ्या डोक्यावर बसलेत."

"नाही करणार."

"नाही म्हणजे?"

"म्हणजे नाही. कलम चुकीचं आहे. मी लिहिलं, मीच मोडतेय."

"त्याला वरून मंजुरी लागते."

"मग वर जाऊन सांग, की राइलीने विचारलं नाही."

काउकोच्या मिशीखाली काहीतरी हललं. केबिनच्या हीटरवर शेकत ठेवलेलं सॉसेज त्याने सुरीने चिरलं आणि अर्धं तिच्या हातात दिलं.

तिने आधी दोन्ही फाइली जोडीने पेनड्राइव्हवर उतरवून घेतल्या. एकट्या मोठ्या फाइलची नक्कल घेऊन फसलेले तिने कमी पाहिले नव्हते. मग फाइलला कोण चिकटून बसलंय ते शोधायला लागली. सापडला: नकाशाचा नवा प्रोग्राम. सोमवारी त्याने फाइल वाचायला उघडली होती आणि अजून सोडली नव्हती, म्हणून शेपटी फुगत गेली. आज सकाळी त्याचाच दुसरा भाऊ, म्हणजे त्याच प्रोग्रामची दुसरी प्रत, त्या फाइलमध्ये लिहायला बसला आणि तिथेच अडकला. राइलीने दोघांनाही बंद केलं. पडद्यावरची ओळ गेली, आणि शेपटीतली टिपणं मोठ्या फाइलमध्ये उतरली, एकही न गळता.

तिने झऱ्याच्या वर्तुळातली झाडं तेवढी मागवली. दोघेही पडद्याकडे झुकले.

आठ बुंध्यांच्या जागी या यंत्राने काहीही तोडलेलं नव्हतं. नवव्याच्या जागी तोडलं होतं. मंगळवार, दहा चाळीस, वर्तुळाच्या दोन मीटर आत.

"मिळालं का?" फोनमधून हार्री.

"मिळालं. एक आहे."

"एकच ना? मग ती ओळ काढ आणि बाकीचं वनखात्याला पाठव. मिनिटाचं काम आहे तुला. त्याचंही भलं होईल, आपलंही."

मिनिटसुद्धा लागलं नसतं. कोणाला कळलंही नसतं. राइलीने काउकोकडे पाहिलं. तिला त्याची फार दया आली.

काउकोने आपलं जाड बोट पडद्यावरच्या त्या ओळीवर टेकवलं. "हे माझं. बर्फ उडत होता, झऱ्याभोवती बांधलेली खुणेची फीत दिसली नाही. पण पाडलं मीच." मग फोनकडे वळून म्हणाला, "सकाळपासून दार लावून बसलोय मी, हार्री, ते काय अर्धंच वाचवायला?"

राइलीने अख्खी यादी पाठवून दिली. हार्री काहीतरी बोलत होता, तिने फोन पालथा घातला.

खाली जंगलरस्त्यावर गाडी थांबली. निरीक्षक उतरली, कागद अडकवलेली पाटी काखेत. कोणी बोलावायच्या आधीच काउको टोपी चढवून बर्फात उतरला.

"चला," तो तिला म्हणाला, "आधी माझा बुंधा दाखवतो. मग त्या आठांचा धनी शोधू."