एक भाविक बाई हवी

"तुझी म्हातारी मेलेली आहे," नंदकुमार म्हणाले आणि त्यांनी हस्तलिखित टेबलावरून राजवर्धनकडे सरकवलं.

"कादंबरीत ती शेवटपर्यंत जिवंत आहे, सर."

"श्वास घेते, एवढंच. तुझा नास्तिक नायक झकास बोलतो. पण त्याची देवभोळी आजी म्हणजे नुसता पुठ्ठा. ती तुला मूर्ख वाटते आणि ते ओळीओळीत दिसतं. महिन्याभरात सुधारून आण. नाहीतर यापुढे माझ्याकडे येऊ नकोस."

राजवर्धनची पहिली कादंबरी नंदकुमारांनीच छापली होती. दुसरी कुणीच छापली नव्हती. ऐरोलीच्या आयटी पार्कात तो दिवसभर दुसऱ्यांच्या चुका दुरुस्त करत बसे. लेखक हीच काय ती त्याला मान्य असलेली स्वतःची ओळख. आणि ती आता एका देवभोळ्या म्हातारीपाशी अडली होती. त्याला भयंकर चीड आली. ज्या लोकांची जन्मभर टर उडवली, त्यांच्यातलीच एक आता शोधायची होती.

ती कोपरखैरणे गावात सापडली. चार मजली इमारतींच्या बेचक्यात एक घुमटी, आत शेंदराने माखलेली देवी आणि पुढच्या पायरीवर पुतळाबाई. घुमटीला लागूनच तिचं घर. वय पंचाहत्तरीच्या पुढे, नजर मात्र घारीची. चाळीस वर्षं पूजा तीच करते, पूर्वी तिच्या अंगात यायचं, असं गल्लीत कुणीही सांगत होतं. राजवर्धनने ओठ मुडपून मोबाइलवर रेकॉर्डिंग सुरू केलं आणि वही उघडली.

"आजी, देवी प्रकटली कशी?"

"या रस्त्याची मोजनी चालली होती. माजं घर त्यांच्या रेघंत आलेलं," म्हातारी सुकट निवडत म्हणाली. "साहेब दारात, आनि माजे आंगान देवी आली. बोलली, माज्या ठान्याला हात लावशील तर तुजा हात राहनार नाय. साहेबाच्या हातातली टेप खाली पडली. गेला परत. रस्ता बघ, अजून वाकडा हाय."

रस्ता खरंच वाकडा होता. साहेबही अडाणीच, राजवर्धन मनात म्हणाला.

"टेप पडली, असं लिवलास काय?"

"हो."

"तसं नको. आदी साहेब हसला, असं लिव. मंग पडू दे. जास्त लागतं."

देवीच्या गोष्टीतही म्हातारीचं नाक वर! त्याला हसू आलं. लिहिलं मात्र त्याने तिच्याच क्रमाने.

तीन रविवार तो जात राहिला. पुतळाबाई देवीकडे पाठ करून बसायची. तिने एकदाही हात जोडलेले त्याने पाहिले नाहीत. दिवा लावायची तोही गॅस पेटवावा तसा. त्याने वहीत लिहिलं : 'देव जिच्या घरातलाच झाला, तिला हात जोडावे लागत नाहीत.' वाक्य त्याला फारच आवडलं. बावळट माणसांकडेही कधीकधी चांगला माल मिळतो, असं वाटून तो खुशीत घरी गेला.

हस्तलिखित पुन्हा नंदकुमारांकडे गेलं. महिना झाला, दीड महिना झाला, फोन नाही. राजवर्धनचं जेवणावरचं लक्ष उडालं. एका सकाळी ऑफिसला निघालेला तो उगाचच गाडी वळवून घुमटीपाशी आला. म्हातारी मासळी आणायला गेली होती. गल्लीत चिटपाखरू नव्हतं. अडला हरी गाढवाचे पाय धरतो म्हणतात. याने तर थेट देवीचेच धरले.

"एवढी छापली जाऊ दे," तो पुटपुटला. "साडीचोळी करीन, नारळ फोडीन."

मग स्वतःलाच एक शिवी हासडून तो घाईघाईने गाडीवर बसला.

दुसऱ्या दिवशी दुपारी नंदकुमारांचा फोन आला.

"छापतोय! अरे, काय म्हातारी आहे ही! ती देवीकडे पाठ करून बसते ना, तिथे माझ्यासारखा सत्तरीचा नास्तिकसुद्धा हलला. अशी श्रद्धा बसल्या जागी रचता येत नाही, राजवर्धन. ती कुणीतरी जगलेली असावी लागते."

राजवर्धनने फोन ठेवला. एका दिवसात! योगायोग आहे, असं त्याने स्वतःला दोनदा बजावलं. पटलं नाही.

रविवारी हिरवी साडी, खण आणि नारळ घेऊन तो आला. चपला काढल्या आणि घुमटीपुढे सरळ लोटांगण घातलं.

"आई, चुकलो. जन्मभर हसत आलो," तो म्हणाला आणि रडू लागला. त्याला लाज वाटली नाही. उलट फार हलकं वाटलं.

पुतळाबाई बघत होती. "तू मानत नव्हतास ना रं?"

"आता मानतो, आजी. तुमची श्रद्धा पाहिली म्हणून."

"पुस्तकात सगलं आलं ना? आता बदलनार नाय?"

"नाही. छापायला गेलंसुद्धा."

म्हातारीने गल्लीच्या दोन्ही टोकांना नजर टाकली, साडी उचलून काखोटीला मारली आणि जमिनीवर पडलेल्या लेखकाकडे पाहून तोंड वाकडं केलं.

"उठ, बाला. साहेब दारात आला तवा हाताला दुसरं काय गावलं नाय. शेंदराखाली माजे सासूचा वरवंटा हाय."