मोआतूची हजेरी

शालनने नवऱ्याला, तेवेंना, इस्त्रीचा सदरा घालून पडद्यासमोर बसवलं. मोआतू बेट समुद्राखाली गेलं, तरी देशाचं सभासदत्व टिकून होतं. वर्षातून एकदा जागतिक सभेच्या हजेरीला एका तरी नागरिकाने ‘हजर’ म्हणायचं, नाहीतर नाव कायमचं वगळणार. आता म्हातारे तेवे एकटेच नागरिक उरले होते. सकाळपासून शालनने त्यांच्याकडून तो शब्द घोकून घेतला होता.

“मोआतू,” अध्यक्षांनी पुकारलं.

तेवे पडद्यावरचे चेहरे न्याहाळू लागले.

“अहो, हजर म्हणा ना!” शालनने त्यांचा हात दाबला.

अध्यक्षांनी पुन्हा पुकारलं. मग तिसऱ्यांदा, अगदी हळू आवाजात.

तेवे शालनच्या कानाशी वाकले. “कुणाचा गं हा देश? बिचाऱ्यांचं कुणीच आलेलं दिसत नाही.”