सातवं गणित

बारावीच्या परीक्षेआधी आई रोज माझी गणितं तपासायची. इंटिग्रेशन कशाशी खातात हे तिला ठाऊक नव्हतं. पुस्तकात मागे छापलेल्या उत्तरांशी ती माझी उत्तरं ताडून बघायची. एकदा सातवं गणित जुळेना. तिने ते चारदा करायला लावलं, चारही वेळा माझं उत्तर तेच आलं. पाचव्यांदा मी मागचंच उत्तर उतरवलं.

“बघ, लक्ष दिलं की येतं,” आई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सरांनी वर्गात सांगितलं, सातव्याचं छापील उत्तर चुकलंय. मी घरी काही बोलले नाही.

निकाल लागल्यावर बाबांनी इंजिनिअरिंगचा भरलेला फॉर्म माझ्यापुढे ठेवला. “तुला हेच करायचंय ना?”

“हो,” मी म्हणाले.

या वेळी उत्तर पहिल्याच फटक्यात जुळलं.